तुटलेला पार्ट तपासणीला पाठवताना: मटेरियल ॲनालिसिस करून घेण्याची पद्धत, क्रमाने

भोसरी, शिरोली, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीतून संशोधन संस्थेच्या तपासणी केंद्राकडे जाणारी विनंती बहुतेक वेळा एका ओळीची असते: "एसईएम आणि ईडीएस करून हवं आहे." (म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आणि त्याच यंत्रावर मूलद्रव्यांची ओळख.) सोबत कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेला, रॉकेलने स्वच्छ पुसलेला तुकडा. काही आठवड्यांनी मोठ्या मॅग्निफिकेशनचे फोटो येतात, बिल येतं, आणि पार्ट का तुटला ते मात्र कळत नाही. यात यंत्राचा किंवा ऑपरेटरचा दोष क्वचितच असतो. पुरावा कारखान्यातच पुसला गेलेला असतो आणि प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

हा लेख मुख्यतः धातूच्या पार्टसाठी आहे. प्लॅस्टिक, रबर आणि पावडरबद्दल जिथे चुका जास्त होतात तेवढंच घेतलं आहे.

## टप्पा १: यंत्राचं नाव नको, प्रश्न लिहा

कोणती चाचणी करायची हे केंद्रातल्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. त्याला माहीत नसतं ते इतकंच: पार्ट कुठे बसतो, किती दिवस चालला, काय बदललं. म्हणून आधी एका पानावर हे लिहून काढा:

- पार्टचं नाव, मटेरियल ग्रेड, हीट नंबर (धातूच्या एका ओतकामाचा), लॉट नंबर
- कोणकोणत्या प्रक्रिया झाल्या, त्याच क्रमाने: फोर्जिंग, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, प्लेटिंग. बाहेर जॉबवर्कला काय गेलं तेही
- बिघाड कधी, कसा दिसला; एकूण किती पार्टपैकी किती गेले
- अलीकडे काय बदललं: सप्लायर, कुलंट, भट्टी, टॉर्क, ऑपरेटर
- या उत्तरावर तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात

शेवटचा मुद्दा लोक गाळतात आणि तोच सगळ्यात उपयोगी असतो. लॉट परत पाठवायचा की नाही हे ठरवायचं असेल तर लागणारी तपासणी वेगळी, आणि ग्राहकाला ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) द्यायचा असेल तर वेगळी.

चांगली विनंती अशी दिसते:

"एम १२, १२.९ ग्रेडचा ॲलन बोल्ट, झिंक प्लेटिंग. टॉर्क दिला तेव्हा ठीक होता, दुसऱ्या दिवशी डोक्याखालच्या फिलेटमधून तुटलेला सापडला. याच लॉटमधले ३ गेले. आधीच्या लॉटची तक्रार नाही. प्लेटिंगवाला बदलला आहे. प्लेटिंगनंतर बेकिंग झाल्याची नोंद मिळालेली नाही. प्रश्न: हा हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा आहे की ओव्हरलोड? उरलेला लॉट वापरायचा की थांबवायचा, हे ठरवायचं आहे."

एवढं वाचून समोरचा माणूस स्वतःच सांगेल की तुटलेल्या पृष्ठभागावर एसईएम लागेल, कोअरची हार्डनेस लागेल (१२.९ ला ३९ ते ४४ एचआरसी अपेक्षित), आणि हायड्रोजनचं प्रमाण मोजण्यावर फार भिस्त ठेवू नका. पोलादात फिरू शकणारा हायड्रोजन साध्या तापमानालाही हळूहळू बाहेर पडतो (बेकिंग म्हणजे तोच बाहेर काढण्यासाठी पार्ट तापवणं). आठवडाभराने मोजलेला कमी आकडा प्लेटिंगवाल्याला निर्दोष ठरवत नाही.

तपासा: तुमच्या पानावर एक तरी वाक्य प्रश्नचिन्हाने संपतं का? नसेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा २: कोणती तपासणी काय सांगत नाही, हे आधी समजून घ्या

प्रत्येक यंत्र काय दाखवतं ते माहितीपत्रकात असतं. पैसे जातात ते यंत्र काय दाखवत नाही हे ठाऊक नसल्यामुळे.

ईडीएस. एसईएमला जोडलेलं हे यंत्र साधारण १ मायक्रॉन खोलीपर्यंतची मूलद्रव्यं दाखवतं. ०.१ टक्क्याच्या आसपास आणि त्याखाली त्याचा भरवसा नाही. पोलादातला कार्बन त्याने मोजता येत नाही. तरीही "ईडीएसमध्ये कार्बन ६ टक्के आला, मटेरियल चुकीचं आहे" असं म्हणून सप्लायरशी भांडणारे भेटतात. तो कार्बन हाताच्या तेलाचा, चिकटपट्टीचा आणि चेंबरमधल्या घाणीचा असतो. ईएन ८ मधला ०.४ टक्क्याच्या आसपासचा कार्बन तपासायचा तर स्पेक्ट्रो (ठिणगी पाडून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) किंवा कार्बन-सल्फर ॲनालायझर. हायड्रोजन तर ईडीएसला दिसतच नाही.

दुसरा सापळा सल्फर आणि मॉलिब्डेनमचा. दोघांच्या क्ष-किरणांच्या रेषा २.३ केईव्हीजवळ (केईव्ही हे त्या किरणांच्या ऊर्जेचं एकक) एकमेकींवर बसतात, शिशाचीही तिथेच. एसएस ३१६ मध्ये मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असतंच, त्यामुळे खड्ड्यातल्या गंजात सॉफ्टवेअरने "सल्फर" लिहिला तर लगेच विश्वास ठेवू नका. व्होल्टेज २५ केव्हीच्या पुढे नेऊन १७.५ केईव्हीजवळची मॉलिब्डेनमची रेषा तपासायला सांगा, किंवा डब्ल्यूडीएस (रेषा जास्त बारकाईने वेगळ्या करणारा डिटेक्टर) असेल तर त्यावर खात्री करा.

स्पेक्ट्रो. ठोस, सपाट नमुना हवा. स्पार्क स्टँडचं भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे, म्हणजे साधारण १५ ते २० मिमी. बीडाच्या कास्टिंगमधून कापलेल्या तुकड्यावर कार्बन चुकतो, कारण मोकळं ग्रॅफाइट स्पार्कखाली एकसारखं जळत नाही. बीडासाठी ओतकामाच्या वेळीच तांब्याच्या साच्यात झटपट थंड केलेला, पांढरा गोठलेला चिल नमुना हवा. तो नसेल तर कार्बन जाळून मोजावा लागतो. त्यासाठीही ड्रिलचा बारीक भुगा पाठवू नका. ग्रॅफाइट धुळीसारखं उडून जातं आणि कार्बन कमी दिसतो. छोटे ठोस तुकडे द्या.

एक्सआरडी. क्ष-किरणांनी कोणती संयुगं, कोणते फेज (स्फटिकरचनेचे प्रकार) आहेत ते सांगतं. १-२ टक्क्यांखालचं सहसा हाताला लागत नाही आणि काचेसारखं अस्फटिक द्रव्य ओळखता येत नाही. लोखंडाचा नमुना तांब्याच्या ट्यूबवर स्वतःच क्ष-किरण फेकू लागतो आणि पार्श्वभूमी उंचावते. गंजाचा किंवा रिटेन्ड ऑस्टेनाइटचा (हीट ट्रीटमेंटनंतर न बदलता उरलेल्या फेजचा) प्रश्न असेल तर कोबाल्ट ट्यूब किंवा ऊर्जा वेगळी करणारा डिटेक्टर आहे का, हे बुकिंगपूर्वी विचारा.

एफटीआयआर. इन्फ्रारेड प्रकाशाने प्लॅस्टिकचं कुळ ओळखायला उत्तम. पण नायलॉन ६ आणि नायलॉन ६६ यात फक्त त्याच्यावर विसंबू नका. ते काम डीएससीचं (नमुना तापवून तो कुठे वितळतो ते मोजणारं यंत्र): एक साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, दुसरं २६० ला. कार्बन ब्लॅक भरलेल्या काळ्या रबरासाठी जर्मेनियम क्रिस्टल मागा, नाहीतर आलेखात काही वाचण्यासारखं उरत नाही.

आयसीपी. द्रावणातली मूलद्रव्यं अगदी कमी प्रमाणातही मोजतं. आरओएचएससारख्या (इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांच्या नियमांच्या) मर्यादांसाठी, जिथे शिसं १००० पीपीएम आणि कॅडमियम १०० पीपीएमच्या आत लागतं. नमुना ॲसिडमध्ये पूर्ण विरघळला तरच आकडा खरा. सिलिका किंवा ग्लास फायबर असेल तर आधी सांगा. त्याला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं आणि सगळी केंद्रं ते वापरत नाहीत.

## टप्पा ३: कुठे पाठवायचं

तीन वाटा आहेत.

रोजची कामं, म्हणजे रासायनिक पृथक्करण, हार्डनेस, टेन्साइल, मायक्रोस्ट्रक्चर, केस डेप्थ, तुमच्याच औद्योगिक वसाहतीजवळच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत करा. त्यासाठी पवईला, आयआयटीत जाण्याचं कारण नाही.

एफईजी-एसईएम, टीईएम (जास्त बारीक पाहणारे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), एक्सपीएस (पृष्ठभागाचं रसायन सांगणारं) अशा यंत्रांसाठी सार्वजनिक संस्था आहेत. आयआयटी मुंबईचं सैफ (अत्याधुनिक उपकरणांचं सामायिक केंद्र) बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीही चालतं. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पॉलिमर आणि कॅटॅलिस्टच्या कामाला तिचा विचार आधी करावा. ॲल्युमिनियमचं काम असेल तर नागपूरचं जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र. देशभरातल्या सरकारी संस्थांची कोणती यंत्रं वापरायला खुली आहेत ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं.

तिसरी वाट सल्लागार प्रकल्पाची, आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. "टेस्टिंग" म्हणून नमुना दिलात की डेटा मिळतो: फोटो, आलेख, आकडे. त्याचा अर्थ लावून देणं त्या शुल्कात नसतं. तुटण्याचं कारण हवं असेल तर कन्सल्टन्सी म्हणूनच मागा. प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ त्यात नावानिशी जबाबदार असतो, शुल्क जास्त असतं, पण रिपोर्टच्या शेवटी निष्कर्ष असतो.

इशारा: "एनएबीएल लॅब आहे" एवढं पुरेसं नाही. मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे ठराविक चाचण्यांना मिळते. तुमची चाचणी, तुमचं मटेरियल आणि तुमची रेंज त्या लॅबच्या स्कोपमध्ये आहे का ते पाहा. संशोधन संस्थांतली बरीच यंत्रं स्कोपबाहेर असतात आणि अनेकांच्या रिपोर्टवर "कायदेशीर कामासाठी नाही" अशी ओळ असते. ग्राहक एनएबीएलचाच रिपोर्ट मागणार असेल तर हे आधी मिटवा.

ओळखीतल्या एमटेकच्या मुलाच्या नावावर, विद्यार्थ्यांच्या सवलतीत नमुना घुसवण्याचा मोहही टाळा. रिपोर्ट कंपनीच्या नावाने मिळत नाही, ग्राहकापुढे ठेवता येत नाही, आणि अडचणीत येतो तो मुलगा.

## टप्पा ४: तुटलेला पृष्ठभाग जपा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही पहिल्या दहा मिनिटांत. भेग कुठून सुरू झाली आणि कशी वाढली हे तुटलेल्या पृष्ठभागावरच्या काही मायक्रॉनच्या रेषांत लिहिलेलं असतं. हे करा, याच क्रमाने:

1. पार्ट मशीनवर असतानाच फोटो काढा. आजूबाजूचे पार्ट, तेल, गंज, भेगेची दिशा, सगळं यावं. एका फोटोत स्टीलची पट्टी ठेवा.
2. दोन्ही तुकडे जपा. छोटे उडालेले कपचेसुद्धा.
3. रबर किंवा नायट्राइल हातमोजे घाला. घामाच्या बोटाचा ठसा सोडियम आणि क्लोरीन ठेवून जातो. मग स्टेनलेसच्या पिटिंगमध्ये सापडलेला क्लोराइड पाण्यातला की फिटरच्या हाताचा, हे कुणीच सांगू शकत नाही.
4. पृष्ठभाग ओला असेल तर कोरड्या, तेलविरहित हवेने हलकेच वाळवा. कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये तेल असतं हे विसरू नका.
5. वर-खाली, आतली-बाहेरची बाजू आणि बसण्याची दिशा पार्टच्या अंगावर मार्करने लिहा, तुटलेल्या तोंडावर नाही.

आणि हे करू नका:

- दोन तुकडे जुळवून बघू नका. हे जवळपास प्रत्येकजण करतो. घासल्यामुळे टोकं चपटी होतात आणि फटीगच्या (वारंवार भार येऊन वाढलेल्या भेगेच्या) रेषा कायमच्या जातात.
- वायर ब्रश, एमरी पेपर, गंज काढायला ॲसिड, काहीही नको. १२.९ च्या बोल्टवर ॲसिड टाकलंत तर ज्या हायड्रोजनचा शोध घेताय तोच नव्याने आत घालता. स्वच्छ करायचंच असेल तर ते केंद्र करेल.
- पृष्ठभागाला सेलोटेप, कॉटन वेस्ट, ग्रीस लावू नका. गंजू नये म्हणून तेल लावावंसं वाटतं, पण पृष्ठभागावर काय साचलंय हा प्रश्न असेल तर तेलाने उत्तर धुतलं जातं.
- तुटलेल्या तोंडावर डाय पेनिट्रंट मारू नका. लाल रंग भेगांत मुरतो आणि ईडीएसची वाट लागते. पेनिट्रंट बाकीच्या न तुटलेल्या पार्टवर करा.

तपासा: त्याच लॉटमधला एक न तुटलेला पार्ट आणि आधीच्या चांगल्या लॉटमधला एक पार्ट बाजूला ठेवलात का? तुलनेला काही नसेल तर "ग्रेन साइज थोडी मोठी आहे" या वाक्याला अर्थ राहत नाही.

वॉरंटीचा किंवा सप्लायरशी वाद असेल तर पुढच्या टप्प्याआधी थांबा. कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंची लेखी संमती आणि दोघांच्या सह्या असलेले फोटो घ्या. एकदा ब्लेड फिरलं की मागे फिरता येत नाही.

## टप्पा ५: कापणं, आणि तपासणीचा क्रम

नमुना न मोडता होणाऱ्या गोष्टी आधी, मोडणाऱ्या नंतर. म्हणजे फोटो, डोळ्यांनी आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहणी, मापं, मग तुटलेल्या पृष्ठभागाचं एसईएम आणि ईडीएस, मग कापणी, मायक्रोस्ट्रक्चर, हार्डनेस, आणि शेवटी रासायनिक पृथक्करण. घाईत स्पेक्ट्रो आधी केला जातो आणि ठिणगीचे डाग नेमके भेगेच्या उगमावर पडतात.

शक्यतो केंद्रालाच कापू द्या. पण एसईएमच्या चेंबरमध्ये शाफ्ट मावत नाही. बऱ्याच ठिकाणी १० ते २० मिमीचा तुकडा सोयीचा पडतो. नेमकं माप आणि कमाल उंची आधी विचारून घ्या. स्वतः कापायचंच झालं तर:

- गॅस कटिंग अजिबात नको. कोरडा ॲब्रेसिव्ह कटरही नको. कापल्या जागी निळा रंग दिसला म्हणजे स्ट्रक्चर बदललं, हार्डनेस गेली.
- हॅकसॉ किंवा बँडसॉ, कमी वेग, तुटलेल्या तोंडापासून लांब. लांब म्हणजे किमान बोटभर.
- कुलंट लागणारच असेल तर तुटलेलं तोंड आधी प्लॅस्टिकने झाकून कडेने टेप लावा. कापताना निघणारा बारीक कीस (बर) आत जाऊ देऊ नका.

मायक्रोस्ट्रक्चरसाठी पॉलिश करताना बेकेलाइटमध्ये गरम माउंटिंग होतं, साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला. जस्ताचं कोटिंग, सोल्डर, प्लॅस्टिक, पातळ लेयर यांना कोल्ड माउंटिंग मागा. केस डेप्थ किंवा कोटिंगची जाडी मोजायची असेल तर "कड गोल होता कामा नये" हे फॉर्मवर लिहा. कार्बुरायझिंगची केस डेप्थ कोणत्या हार्डनेसला मोजायची, उदाहरणार्थ ५५० एचव्ही, तेही ड्रॉइंगप्रमाणे लिहा. न लिहिल्यास दोन लॅबचे आकडे जुळणार नाहीत.

स्पेक्ट्रोसाठी पृष्ठभाग घासताना कागद कोणता याला महत्त्व आहे. ॲल्युमिना पेपर ॲल्युमिनियम सोडतो, सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉन. ॲल्युमिनियमचा नमुना पेपरवर न घासता फेसिंग करून द्या.

## टप्पा ६: ज्या नमुन्यांची आधी कल्पना द्यावीच लागते

- चुंबकीय पावडर. एसईएममध्ये उडून लेन्सला चिकटते. न सांगता दिलीत तर यंत्र बंद पडू शकतं.
- तेल मुरलेले सिंटर्ड बुश, ओला फोम, रबर. व्हॅक्यूममध्ये वाफ सोडतात. तेल आधी सॉल्व्हंटने काढून घ्यावं लागतं.
- वीज न वाहणारे नमुने. प्लॅस्टिक, सिरॅमिक, पेंट यांवर काही नॅनोमीटर सोनं किंवा कार्बन चढवतात. सोनं, फॉस्फरस किंवा झिरकोनियम शोधायचं असेल तर सोन्याचं कोटिंग नको म्हणून सांगा. सोन्याची रेषा त्यांच्या रेषांवर चढते.
- एक्सपीएस. वरचे ५ ते १० नॅनोमीटरच दिसतात. झिप पाऊचमध्ये ठेवलेल्या नमुन्यावर पाऊचमधलंच रसायन सापडण्याची शक्यता असते. स्वच्छ काचेची बाटली किंवा स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइल वापरा.

एक्सआरडीला पावडर साधारण ३२५ मेशच्या (चाळणीचं माप) खाली दळलेली, १ ग्रॅमच्या आसपास. डीएससीला ५ ते १० मिलिग्रॅमच लागतं, पण तुकडा मोठा द्या म्हणजे कुठून कापायचा ते ठरवता येतं.

## टप्पा ७: पॅकिंग, कागद, गोपनीयता

प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत, तुटलेलं तोंड कशालाही न टेकता, सोबत सिलिका जेलची पुडी. गंजरोधक व्हीसीआय कागद बाकी मालाला छान, इथे नको; त्याची वाफ पृष्ठभागावर थर धरते. डबीवर आणि तुकड्यावर एकच कोड. "चांगला" आणि "खराब" असं लिहून पाठवण्यापेक्षा ए-१, बी-१ असे कोड द्या आणि यादी फॉर्ममध्ये जोडा; वाहतुकीत लेबल गळालं तरी नमुना ओळखता येतो.

सोबत डिलिव्हरी चलान, "तपासणीसाठी नमुना, विक्रीसाठी नाही" असा शेरा. शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. बहुतेक संस्था आगाऊ पैसे घेतात, त्यामुळे प्रोफॉर्मा इनव्हॉइस आधी मागवा. पर्चेसने ६० दिवसांच्या क्रेडिटचा आग्रह धरला की नमुना रांगेत लागत नाही.

गोपनीयतेचा करार नमुना देण्याआधी. संस्थेत यंत्रावर विद्यार्थी आणि संशोधक बसतात, म्हणून लोगो आणि ग्राहकाचा पार्ट नंबर शक्य असेल तिथे झाका. करारात दोन ओळी पाहा: निकाल प्रसिद्ध करण्याचा हक्क कुणाला, आणि कामातून नवं काही निघालं तर मालकी कुणाची. नवं मटेरियल किंवा प्रक्रिया असेल आणि पेटंट घ्यायचं असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज टाका. पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

## टप्पा ८: यंत्रावरची वेळ आणि रिपोर्ट

जमलं तर त्या दिवशी पार्ट ओळखणारा माणूस पाठवा. येता येत नसेल तर फोनवर ठेवा. ऑपरेटरला "उगमाची जागा ही, आधी इथलं कमी मॅग्निफिकेशनचं चित्र, मग टप्प्याटप्प्याने जवळ" असं सांगितलं की फोटो एकमेकांशी जुळतात. ५० पट न घेता थेट ५००० पटचा फोटो घेतला तर ती जागा पार्टवर कुठे आहे हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वरच्या बोल्टच्या बाबतीत पाहायचं असं: उगमाजवळ कणाकणांच्या सीमेवरून फुटलेला, खडीसाखरेसारखा पृष्ठभाग आणि आत शेवटी तुटलेल्या भागात छोटे खळगे. खळगे सर्वत्र असतील तर ओव्हरलोडकडे वळा. खडीसाखर, हार्डनेस वरच्या मर्यादेजवळ किंवा तिच्या पलीकडे, टाइट केल्यावर काही तासांनी तुटणं आणि बेकिंगची नोंद नसणं, हे एकत्र आलं तर लॉट थांबवा. बेकिंग साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला, प्लेटिंगनंतर शक्यतो ४ तासांच्या आत सुरू व्हायला हवं होतं. आता, आठवड्यांनी बेक करून लॉट वाचवू, असा विचार करू नका. आत पडलेल्या बारीक भेगा बेकिंगने बुजत नाहीत.

रिपोर्ट हातात आल्यावर तपासा:

- नमुन्याचा कोड तुमच्या यादीशी जुळतो का
- चाचणीची पद्धत किंवा स्टँडर्ड लिहिलं आहे का
- प्रत्येक फोटोवर स्केल बार आहे का. "५००० पट" हा आकडा प्रिंटच्या आकाराबरोबर बदलतो, स्केल बार बदलत नाही
- ईडीएस कोणत्या जागेवर घेतलं ते फोटोवर दाखवलं आहे का
- मर्यादेच्या जवळ असलेल्या आकड्याला मापन अनिश्चितता दिली आहे का

स्टँडर्ड (घटक माहीत असलेला तुलनेचा नमुना) न वापरता केलेल्या ईडीएसमध्ये दशांशानंतरचे दोन आकडे छापलेले असले तरी ते नुसते छापलेले असतात. ३.४७ टक्के म्हणजे "तीनेक टक्के" असं वाचा.

ईडीएसच्या मूळ फाइल्स, एक्सआरडीचा डेटा आणि पूर्ण रिझोल्यूशनचे फोटो पीडीएफसोबत मागून घ्या. काही महिन्यांनी हाच बिघाड पुन्हा आला तर तुलनेला तेच लागतात, आणि तोवर केंद्राच्या संगणकावर ते असतीलच असं नाही. उरलेले तुकडे केंद्र किती दिवस ठेवतं ते विचारा, परत मागवा, आणि ग्राहकाची तक्रार लेखी बंद होईपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका.